पोचा

भाच्यानं स्कॉटलंडहून बाटली आणली
आणि द्यावी कुणाला हे ठरेना म्हणून
माझ्या फ्रीजवर ठेवून गेला.
खोक्यावर सोनेरी अक्षरांत भट्टीचा इतिहास:
किती पिढ्या, कुठला झरा, बार्ली कशाच्या धुरावर वाळवतात,
दोन भाऊ, त्यातला धाकटा ‘पूर्वेकडे गेला’.
पूर्णविराम.

तो धाकटा कामठी स्टेशनवर उतरला होता.
छावणीतल्या गोऱ्या पलटणीच्या भरवशावर
कन्हानच्या काठी त्यानं भट्टी घातली.
तांब्याचं भांडं बोटीनं आलं, सारसाच्या मानेचं,
मालगाडीतून काढताना हमालांच्या हातून निसटलं.
पोटाला पोचा. तळहाताएवढा.
साहेब म्हणे तिथेच रुळांवर बसला.
पण पहिली धार चाखली, आणि त्या पोच्याला
पुढं कुणाला हात लावू दिला नाही.

चौतीस वर्षं मी शाळेत रसायन शिकवलं.
तांबं वाफेतलं गंधक स्वतःवर घेतं,
म्हणून धार गोड येते, म्हणून भांडं झिजतं.
हे माझ्या आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं.
ते इतवारीतले तांबट. नाव झिंगराजी.
नावातच काय ती झिंग, थेंबाला कधी शिवले नाहीत.

भांडं पातळ झालं तेव्हा युद्ध चालू होतं,
बोटी बंद. साहेबाचा मुलगा टांग्यानं भांडेओळीत आला.
सव्वा महिना ठोकून आजोबांनी नवं उभं केलं.
त्यानं बोट ठेवलं: इथं पोचा राहिला.
“काहून जी? मजुरी कापाची हाय काय?”
मुनीम म्हणाला, चव त्यातच बसली आहे, असं साहेब म्हणतात.

जन्मभर लोकांचे पोचे काढून पोट भरलेला माणूस.
आठ जुन्या गुंडांवर त्यांनी सराव केला.
आजी म्हणाली, यांना ऊन लागलं.
मग लाकडी हातोड्याला फडकं गुंडाळून
एकच घाव.
साहेबानं डोळे मिटून तळहात फिरवला
आणि मजुरीवर पाच रुपये जास्त ठेवले.

चव तीच आली का? कोण सांगणार.
त्यांच्या देशात पिंपातून दरसाल शेकडा दोन उडते,
देवदूत पितात म्हणे.
इथल्या मे महिन्यात देवदूतांनी
सगेसोयरे बोलावले.
बारा वर्षांसाठी भरलेली पिंपं उघडली
तर तळाला चार बोटं, काकवीसारखी काळी.
गोदामाला दोन कुलपं, दुसरी किल्ली इन्स्पेक्टरकडे,
आणि अबकारीच्या वहीत
देवदूतांचा रकाना नव्हता.
दंड बसला. मग पलटण गेली. मग साहेबाचा मुलगाही.

भांडं भंगारात, वजनावर, परत इतवारीतच आलं.
आजोबांनी कापून घंगाळं केली.
एकात तो तुकडा आला.
त्यांनी पोचा काढला.
आईनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले,
“गिऱ्हाईक पोचा घेत नाही.”
ते घंगाळ मात्र विकायला ठेवलं नाही.

काल मी खोकं उघडलं. स्टीलच्या वाटीत
दोन चमचे, वर दोन चमचे माठातलं पाणी.
वास: ओली घोंगडी, विझवलेली चूल,
मागून कुठून तरी संत्र्याची साल.
पुन्हा हुंगलं.
साल माझ्याच बोटांची होती.

घंगाळ अजून न्हाणीत आहे, बादल्यांची जागा अडवून.
दुपारचं ऊन झरोक्यातून तिरपं आलं
की पोटावर एका ठिकाणी उजेड किंचित अडखळतो.
वाटी घेऊन मी तिथवर गेले. कशाला, ते सांगता येत नाही.
अंगठा टेकवला. सपाट लागलं.
उरलेलं तिथंच, उभ्यानं पिऊन टाकलं.